मधल्या दिवसांचे कपडे

पुतळ्याचा डावा हात खांद्यातून फिरवून तिने उपसून काढला आणि काखेत धरला. पुतळ्यांना कपडे घालायचे तर आधी त्यांचे हात काढावे लागतात, मग बाह्या चढवायच्या आणि शेवटी हात परत जागेवर बसवायचे. जिवंत माणसांचे हात निघत नाहीत म्हणून त्यांना आवरायला एवढा वेळ लागतो, असं ती दुकानातल्या नव्या मुलींना सांगायची. आज तिला विनोद सुचत नव्हता. शोकेसमधले दिवे तापले होते, काचेतून दुपारचं ऊन थेट आत येत होतं आणि तिच्या अंगावर चार थर होते.

सगळ्यात आत पातळ बनियन, त्यावर मांडीपर्यंत येणारा सदरा, त्यावर बटणं न लावलेला शर्ट आणि त्यावर पुढून उघडं लोकरीचं जाकीट. गळ्यात मफलर, त्याची दोन्ही टोकं समोर सोडलेली. आतला थर घाम टिपतो, मधला ऊब धरतो, बाहेरचा वारा अडवतो, असं ती गिऱ्हाइकांना समजावून सांगायची. चौथा काय करतो ते तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. उघड्या जाकिटाच्या दोन उभ्या कडा बघणाऱ्याची नजर सरळ वरून खाली नेतात, मधे थांबू देत नाहीत. तिला सहावा महिना लागला होता.

या दुकानाची एक रीत होती. शोकेसमधले पुतळे जे घालतील तेच दुकानातल्या सगळ्या बायकांनी घालायचं. मालकीणबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, ती पाडली होती. त्यांचं म्हणणं असं की पुतळ्याच्या अंगावर कपडा कसाही शोभतो, चालत्याबोलत्या बाईच्या अंगावर दिसला तर गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो. सध्या शोकेसमध्ये मधल्या दिवसांचे कपडे होते. सकाळी गारठा, दुपारी ऊन आणि संध्याकाळी पुन्हा वारं अशा दिवसांचे. काचेवर मोठ्या बाईंनी स्वतः सुचवलेलं वाक्य रंगवलं होतं: सकाळी अंगात, दुपारी हातात. त्यामुळे दुकानातल्या सगळ्याजणी थरावर थर चढवून फिरत होत्या आणि त्या गर्दीत ती सुखाने लपली होती. फरक एवढाच की दुपारी बाकीच्यांचे थर हातात यायचे, तिचे अंगावरच राहायचे. गल्ल्यावर बसणारी बडबडी बाई तिला म्हणायचीही, की तुझ्या अंगात रक्त आहे की बर्फ.

महिनाअखेरीला तिची कायम होण्याची तारीख होती. कायम झालेल्या बाईला बाळंतपणाची रजा मिळायची, न झालेल्या बाईला निरोप. असं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मागच्या वर्षी शर्टांच्या काउंटरवरच्या मुलीला सगळ्यांनी जाताना पाहिलं होतं. "आता विश्रांती घे, नंतर बघू," असं तिला सांगण्यात आलं. नंतर कुणी बघितलं नाही. नवऱ्याच्या कामाचं आज आहे उद्या नाही असं होतं, घरात सासूबाईंची औषधं होती, आणि हे काम तिला मनापासून आवडायचं हेही खरं होतं. म्हणून गेले कित्येक दिवस ती पहाटे उठून गॅलरीत उभी राहायची आणि गार वारं अंगाला लागलं की तिला हायसं वाटायचं. सगळी गल्ली थंडी संपायची वाट बघत होती, ही एकटी तिला धरून ठेवू पाहत होती.

तिने पुतळ्याचा हात बसवला आणि वर पाहिलं. काचेपलीकडे, रस्त्यावर मोठ्या बाई उभ्या होत्या.

त्या किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. काचेतून आवाज येत नव्हता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आपल्या खांद्यापाशी दोन्ही हात नेले आणि जाकीट उतरवल्यासारखी खूण केली. काढ. मग पुन्हा एकदा, जरा अधीरपणे. काढ सगळं.

तिचे हात आपोआप मफलरच्या टोकांकडे गेले आणि तिथेच थिजले. मोठ्या बाईंनी मान हलवली, बोटाने पुतळ्यांकडे दाखवलं आणि वर आकाशाकडे. तेव्हा कुठे तिला कळलं. पुतळ्यांचे कपडे. उन्हाळा आला होता. तिने मान डोलावली आणि पुतळ्याच्या कमरेला हात घालून उभी राहिली. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं की ती पुतळ्याला सावरतेय.

मोठ्या बाईंनी आत येऊन सगळ्यांना एकत्र बोलावलं. यंदा ऊन लवकर तापलंय, समोरच्या दुकानाने उन्हाळी माल लावलाही, आपण मागे राहून चालणार नाही. सोमवारी शोकेस बदलायची आणि सोमवारीच सगळ्यांनी नवा ड्रेस घालायचा. त्यांनी एक फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. सुती, बिनबाह्यांचा, अंगासरशी बसणारा सरळ ड्रेस, कमरेला पट्टा. मापं आजच होतील, मावशी वर वाट बघतायत.

महिनाअखेर सोमवारनंतर चार दिवसांनी होती.

शिलाईच्या मावशी पोटमाळ्यावर बसायच्या. गिऱ्हाइकांचे कपडे आखूड करणं, घट्ट सैल करणं आणि वर्षातून दोनदा बायकांचे ड्रेस शिवणं ही त्यांची कामं. बाई मोजकं बोलायची, ते बोलणंही कात्रीसारखं. त्यांच्या टेपला दुकानातल्या सगळ्याजणी घाबरायच्या, कारण कुणाचं वजन कधी वाढलं ते त्यांना घरच्यांच्या आधी कळायचं. आणि त्या शर्टवाल्या मुलीचं मोठ्या बाईंच्या कानावर कुणी घातलं याबद्दल दुकानात कुणाला शंका नव्हती. तिचं माप झालं आणि पंधरवड्यात ती गेली. दोन अधिक दोन चार.

एकेक बाई पडद्याआड जात होती. मावशी आकडे मोठ्याने सांगत होत्या आणि बाहेर गल्ल्यावरची ते टिपून घेत होती, प्रत्येक आकड्यावर स्वतःची टिप्पणी जोडत. सगळ्यांची झाल्यावर ती आत गेली.

"जाकीट काढ," मावशी म्हणाल्या.

"मावशी, सर्दी झालीये मला. माझं जुनंच माप घ्या ना. काही फरक पडला नाहीये."

"जुन्या मापावर मी शिवत नाही. काढ. शर्टही."

तिने जाकीट काढलं, शर्ट काढला. मफलर तेवढा राहू दिला, जणू तो राहिला म्हणजे बरंच काही राहिलं. खांदा झाला, छाती झाली. मग मावशी कमरेचं माप घ्यायला खाली बसल्या, दोन्ही हातांनी टेप मागून पुढे आणली आणि थांबल्या. त्यांचे हात तसेच राहिले. पडद्याबाहेर गल्ल्यावरची कुणाला तरी काल घरी आलेल्या पाहुण्यांची गोष्ट सांगत होती. तेवढ्यात टेपखाली आतून काहीतरी सरकलं, आणि ते दोघींनाही कळलं.

मावशींनी वर पाहिलं. तिने डोळे मिटून घेतले.

"कंबर अठ्ठावीस," मावशी मोठ्याने म्हणाल्या.

"अठ्ठावीस," बाहेरून गल्ल्यावरची म्हणाली. "नशीब असतं एकेकीचं. आमचं आपलं वाढता वाढता वाढे."

तिने डोळे उघडले. अठ्ठावीस हे तिचं मागच्या हंगामातलं माप होतं. ती काहीतरी बोलायला गेली, पण मावशी टेप गुंडाळत उठल्या होत्या.

"हात खाली घे. झालं."

घरी येईपर्यंत तिने ते अठ्ठावीस हजार वेळा उलटसुलट करून पाहिलं. दया म्हणावी तर अठ्ठावीसचा ड्रेस तिच्या पोटावरून खालीच उतरणार नव्हता. सोमवारी सगळ्यांसमोर तो अडकणार, गल्ल्यावरची ओढून बघणार, आणि मावशींना तोंडाने काही सांगायची गरजही पडणार नाही. मागच्या वेळीही असंच झालं असेल का? नवरा म्हणाला, बाई आहे, कळलं असेल तिला, तू उगाच वाईटच का धरून चालतेस. सासूबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, तिला सांगायचं असतं तर तिथेच सांगितलं असतं. न सांगता सांगायचे शंभर मार्ग असतात हे तिला ठाऊक होतं, गेले काही महिने ती न सांगता लपवतच होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती पोटमाळ्यावर गेली. मशीन चालू होतं. कापलेला कपडा मावशींनी चादरीखाली झाकून ठेवला होता, जे त्या एरवी करत नसत. ती दारात उभी राहिली. मावशींना ती दिसली नाही असं शक्य नव्हतं, पण त्यांनी मान वर केली नाही.

"मावशी, माझा जरा सैल ठेवाल का?"

मशीन थांबलं नाही.

"मी मापं घेते," मावशी म्हणाल्या. "विनंत्या घेत नाही."

ती जिना उतरून खाली आली आणि शोकेसमध्ये जाऊन बसली. पडदा ओढलेला होता, पुतळे उघडे उभे होते. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. आता पुढे काय करायचं याचा विचारही करून झाला होता. सोमवारी आजारी पडायचं म्हटलं तर मंगळवार होताच. आधीच जाऊन सांगून टाकावं, तर चार दिवसांसाठी सगळं हातचं घालवल्यासारखं. ऊन पडलंच नसतं तर, हा एकच विचार पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो किती वेडगळ आहे हेही तिला कळत होतं.

सोमवारी सकाळी गारठा नव्हता. तरी तिने चारही थर चढवले.

शटर अर्धं खाली होतं. काउंटरवर ड्रेसची चवड ठेवलेली, प्रत्येकावर चिठ्ठी टाचलेली. गल्ल्यावरची सगळ्यात आधी कपडे बदलायच्या खोलीत गेली आणि बाहेर आली ती दोन्ही हातांनी ड्रेस फैलावून.

"अगं, हे काय? या तंबूत माझं अख्खं खानदान राहील."

मग बाकीच्या आल्या. एकीचाही ड्रेस अंगासरशी नव्हता. छातीखालून दाट चुण्या घातल्या होत्या आणि तिथून खाली कापड मोकळं सोडलं होतं. कमरेच्या पट्ट्याचा पत्ता नव्हता. काडीसारखी मोज्यांच्या काउंटरवरची मुलगी त्यात हरवून गेली होती. हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

ती आपला ड्रेस घेऊन खोलीत गेली. कडी लावली, एकेक थर उतरवला आणि ड्रेस डोक्यावरून घेतला. तो कुठेही न अडता खाली आला. आरशात तिने समोरून पाहिलं, बाजूने पाहिलं. बाजूनेही काही दिसत नव्हतं. ती बाहेर येऊन सगळ्यांच्यात उभी राहिली आणि सगळ्यांसारखीच दिसली. कितीतरी दिवसांनी तिच्या दंडांना हवा लागत होती.

तेवढ्यात मोठ्या बाई आल्या. त्यांच्यामागून मावशी पोटमाळ्याचा जिना उतरून आल्या आणि शेवटच्या पायरीवर थांबल्या. हसणं आपोआप बंद झालं.

मोठ्या बाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या जेवढ्या चिडत तेवढा त्यांचा आवाज खाली येई.

"मी फोटो दिला होता, मावशी."

"हो."

"मग हे काय आहे?"

"चुकलं," मावशी म्हणाल्या.

"एखादा चुकला असता तर मी समजले असते. सगळेच्या सगळे?"

"वय झालं. नजर राहिली नाही आता."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. शिलाई बाहेर द्या असं मुलगा त्यांना केव्हापासून सांगतोय, आणि त्या केवळ मावशींसाठी थांबल्या होत्या, हे त्या हळू आवाजात बोलल्या. कापड गेलं ते गेलं. पण दुकान उघडायला तास राहिलाय आणि समोरचे लोक काचेतून बघून हसणार आहेत.

"या महिन्यानंतर तुम्ही नका येऊ, मावशी. घरी आराम करा."

मावशींनी मान डोलावली. पदराला चिकटलेला एक दोरा काढला आणि बोटाभोवती गुंडाळत राहिल्या. एवढ्या वेळात त्यांनी तिच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तिला आधी सुटल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोला, पहिल्यांदा तेच वाटलं: आता फक्त गप्प राहायचं, शुक्रवार येईल आणि जाईल. गप्प राहणं तिला चांगलं जमत होतं. मग तिने मावशींच्या बोटावरचा तो दोरा पाहिला. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं, इतका त्यांनी तो आवळला होता.

ती शोकेसमध्ये गेली आणि चिमट्यांचा डबा घेऊन आली. कपडा पुतळ्याला सैल झाला की तो मागे ओढून पाठीवर चिमटे लावायचे, म्हणजे समोरून तो बेतून शिवल्यासारखा दिसतो. गिऱ्हाइकाला पुतळ्याची पाठ कधी दिसत नाही. तिने डबा काउंटरवर ठेवला, दोन्ही हात मागे नेले आणि स्वतःच्या ड्रेसचं कापड मुठीत धरून मागे ओढलं.

"हां, बरोबर," गल्ल्यावरची म्हणाली. "मागून चिमटे लावले तर आजचा दिवस तरी..."

तिचं वाक्य तिथेच राहिलं.

पहिला चिमटा लागला, मग दुसरा. तिसरा लावायला हात पुरत नव्हता, तरी तिने लावला. कापड समोरून ताठ झालं. मोज्यांच्या काउंटरवरच्या मुलीने तोंडावर हात ठेवला.

"मावशींचं काही चुकलं नाहीये," ती म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा स्थिर निघाला. "त्यांनी माझ्यामुळे असे शिवले. मी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

मोठ्या बाई तिच्या पोटाकडे बघत राहिल्या. मग मावशींकडे वळल्या.

"तुम्हाला माहीत होतं."

"टेप माझ्या हातात होती."

"मग हिचा एकटीचा सैल शिवायचा होता. सगळ्यांचे कशाला बिघडवलेत?"

"एकटीचा सैल असता तर तोच डोळ्यांत भरला असता," मावशी म्हणाल्या. पुढचं त्या बोलणार नाहीत असं वाटलं, पण बोलल्या. "मागच्या मुलीचा मी अगदी मापात शिवला होता. त्यात तुम्हाला दिसलं."

कुणी कुणाकडे पाहिलं नाही. शर्टांचा काउंटर जिन्याच्या डाव्या हाताला होता, तिकडेही कुणी पाहिलं नाही. मोठ्या बाई चालत तिच्या बाजूने मागे गेल्या. तिला वाटलं, झालं, आता जिना चढून ऑफिसात जातील आणि वरून बोलावणं येईल. ती पुढे बघत उभी राहिली.

पाठीवर बोटं लागली. चिमटा निघाल्याचा बारीक आवाज झाला. मग दुसरा. तिसरा तिने वाकडा लावला होता, तो काढायला मोठ्या बाईंना वेळ लागला. कापड सुटलं, सैल होऊन समोर पडलं आणि पोट पुन्हा दिसेनासं झालं. मोठ्या बाईंनी तिन्ही चिमटे तिच्या तळहातावर ठेवले.

"शटर वर करा," त्या म्हणाल्या.

गल्ल्यावरची धावली. उजेड आत आला. रस्त्यावर कुणीतरी थांबून आत डोकावून पाहायला लागलं होतं. मोठ्या बाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्यांनी आपला गडद रंगाचा कोट उतरवला, काउंटरवर ठेवला आणि जिन्याकडे गेल्या.

"माझा नाही शिवलात, मावशी?"

"तुम्ही कधी माप दिलंत?"

मोठ्या बाईंनी चष्मा काढून तोही काउंटरवर ठेवला. मग सगळ्यांसमोर, उघड्या शटरकडे तोंड करून, दोन्ही हात बाजूला पसरून त्या मावशींच्या टेपची वाट बघत उभ्या राहिल्या.